परतीची गाडी

धारच्या बसस्थानकावर मी कुठल्याच गाडीची वेळ भिंतीवर शोधत नाही, माणसाला विचारतो. हातात वही, कानामागे पेन आणि नजर एकाच वेळी चार गाड्यांवर, असा तो टाइमकीपर. तो सरकारी नोकर नाही, बसमालकांनी मिळून ठेवलेला आहे. कुक्षीची गाडी किती वाजता सुटली, मनावरची अजून का उभी आहे, मागच्या गाडीचे प्रवासी पुढच्या गाडीने उचलले का, हे सगळं थोडं त्याच्या वहीत आणि बरंचसं त्याच्या डोक्यात असतं. तीन मिनिटांवरून दोन गाड्यांची माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली मी पाहिली आहेत, कारण त्या तीन मिनिटांत दहा-पंधरा प्रवासी इकडचे तिकडे होतात आणि दिवसाचं डिझेल त्यातूनच निघायचं असतं.

मांडूच्या गाडीत चढावं. गाडी तीस-बत्तीस आसनांची. ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर गोधडीची घडी टाकून आणखी चार जणांची सोय केलेली. टपावर लसणाच्या गोण्या, एक शिवणयंत्र, दुधाचे दोन रिकामे कॅन. कंडक्टर नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यांत धरतो, दहाच्या एका बेचक्यात, पन्नासच्या दुसऱ्या. तिकीट तो बहुधा देत नाही. पण कोण कुठे चढलं, कोण कुठे उतरणार, कुणाचे वीस रुपये परत द्यायचे राहिले, हे तो विसरत नाही. नालछ्याला उतरणाऱ्या म्हातारीचं गाठोडं तो स्वतः खाली देतो. या व्यवस्थेत माणुसकीची उणीव नाही. उणीव वेगळीच आहे, आणि ती मला नीट कळायला बरीच वर्षं लागली.

मी देवासचा. आमच्या घरासारखी मराठी घरं धारलाही आहेत आणि देवासलाही. अठराव्या शतकात पवारांबरोबर माळव्यात आलेली, इथेच रुजलेली. एका घराण्याच्या शाखांची ही राज्यं. देवासला तर एका गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. धार महू स्टेशनापासून ३३ मैलांवर, पक्क्या सडकेने जोडलेलं. देवास आग्रा-मुंबई रस्त्यावर बसलेलं. देवासच्या हद्दीत रेल्वे आली तीही स्वातंत्र्यानंतर. धारसाठी इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी २००८ च्या फेब्रुवारीत झाली, आणि पुढे दीड दशक उलटलं तरी धारकरांचा प्रवास रस्त्यानेच चालू राहिला. त्यामुळे ‘गाडी’ या शब्दाचा इथला पहिला अर्थ मोटार. आगगाडी नंतर.

या दोन जिल्ह्यांचा आकार समजून घेतल्याशिवाय इथली बस समजत नाही. दोन्ही जिल्हे अर्धे माळव्याच्या पठारावर आहेत आणि अर्धे विंध्याच्या घाटाखाली नर्मदेच्या खोऱ्यात. धारकडून निघालेली वाट घाट उतरून धामनोदला जाते. मनावर, कुक्षी, डही हा सगळा मुलूख खाली. देवास जिल्ह्यातही बागली पठाराच्या कडेला, पुंजापुऱ्यापुढे घाट, घाटाखाली उदयनगर. कन्नौद, खातेगाव आणि नर्मदाकाठचं नेमावर तर इंदूर-बैतूल रस्त्यावर. खातेगावच्या माणसाचं जिल्ह्याचं ठिकाण देवास, पण त्याच्या दारातला मोठा रस्ता इंदूरला जातो. कुक्षीच्या माणसाचं जिल्ह्याचं ठिकाण धार, पण त्याला बडवानी कितीतरी जवळ. जिल्हा कागदावर आखला जातो आणि बस रस्त्याने जाते. कलेक्टर कचेरी, जिल्हा रुग्णालय, जिल्हा न्यायालय यांत काम असलेल्या माणसाला ही दोन चित्रं स्वतःच्या पायांनी जुळवावी लागतात. शंभराहून अधिक किलोमीटर जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं.

त्याच दिवशी परत यायचं, हे शब्द लक्षात राहू द्या. पुढचं सगळं त्यांच्याभोवती आहे.

१९४८ च्या २८ मे रोजी ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवासच्या दोन्ही पाती आणि बाकीची संस्थानं मिळून मध्यभारत राज्याचं उद्घाटन झालं. चारच दिवसांनी, १ जूनला, पुण्याहून अहमदनगरकडे मुंबई राज्याच्या सरकारी वाहतुकीची पहिली गाडी सुटली. पुढे जिला सगळा महाराष्ट्र एसटी म्हणू लागला तिचा तो जन्मदिवस. तीस आसनांची बेडफर्ड गाडी होती ती. त्या अहमदनगरचं नाव आता अहिल्यानगर आहे, आणि जिच्या नावाने ते झालं त्या अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर धार जिल्ह्याच्या शेजारी, नर्मदेच्या उत्तर काठावर. या धाग्याकडे मी पुन्हा येणार आहे.

इकडे मध्यभारतातही सरकारी गाड्या धावू लागल्या. मध्यभारत रोडवेज हे नाव आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी होतं. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाला आणि १९६२ मध्ये मध्य प्रदेश राज्य सडक परिवहन निगम उभं राहिलं. लोक त्याला नुसतं ‘रोडवेज’ म्हणत, पुष्कळ जण अजूनही म्हणतात. कायद्याची चौकट देशभर एकच होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ठरवलं की परवान्याशिवाय प्रवासी वाहून न्यायचे नाहीत. १९५० च्या कायद्याने राज्यांना परिवहन महामंडळं काढता आली. १९५६ च्या दुरुस्तीने आणखी एक जोरकस हत्यार दिलं: एखादा मार्ग सरकारी योजनेत घेतला की त्यावरून खासगी गाड्यांना हटवता येऊ लागलं. राष्ट्रीयीकृत मार्ग म्हणत ते हे. महाराष्ट्राने हे हत्यार जवळजवळ सगळ्या राज्यावर वापरलं. मध्य प्रदेशात मात्र मोठे रस्ते निगमकडे आणि बाकीच्यांवर खासगी मालक, असा मिश्र संसार राहिला.

आता गाडी खेड्यात कशी पोचते ते जवळून पाहू. शहराच्या बसला आणि खेड्याच्या बसला वेगळी अक्कल लागते.

खेड्यातली माणसं सकाळी गावातून तालुक्याला जातात आणि संध्याकाळी परततात. शाळा, कॉलेज, मंडी, दवाखाना, कचेरी सगळं तिकडे. गाडी रात्री तालुक्याला उभी राहिली तर सकाळी ती आधी रिकामी गावात जाणार आणि मग प्रवासी घेऊन निघणार. एक खेप वाया गेली, आणि पोरं तालुक्याला पोचेपर्यंत पहिला तास बुडाला. यावर उत्तर म्हणजे मुक्कामी गाडी. रात्री शेवटची खेप घेऊन गाडी गावातच थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत, नाहीतर देवळाच्या ओट्यावर झोपतात. पहाटे कुणीतरी चहा आणून देतं. साडेपाचला गाडी सुरू होण्याचा आवाज हाच गावाचा गजर असतो. महाराष्ट्रात ज्याचं बालपण खेड्यात गेलं त्याला हे सांगायला नको.

माळव्यातल्या खासगी मालकांनीही ही रीत आपणहून धरली, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. अनेक मालक मूळचे त्याच मोठ्या गावांतले. गाडी रात्री त्यांच्या वाड्यापुढे उभी राहते, सकाळी इंदूर गाठते, संध्याकाळी परत येते. गाव मोठं असेल, हमरस्त्याला लागून असेल, तर ही व्यवस्था चोख चालते. अडचण त्यापुढच्या गावाची आहे. त्यामागे कुणाचा दुष्टपणा नाही, हिशेब आहे.

हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरू. एका किलोमीटरला गाडीचा सगळा खर्च, म्हणजे डिझेल, टायर, पगार, कर, बँकेचा हप्ता मिळून, चाळीस रुपये समजा. भाडं माणशी किलोमीटरला दीड रुपया. म्हणजे गाडीत सतत सत्तावीस माणसं असली तर खर्च निघतो. हमरस्त्यावर सरासरी चाळीस माणसं मिळतात. किलोमीटरला साठ रुपये आले, वीस शिल्लक राहिले. चाळीस किलोमीटर जाऊन-येऊन सोळाशे रुपये हातात. आता हमरस्ता सोडून आत बारा किलोमीटरवरचं गाव घ्या. तिथे सरासरी आठ माणसं. किलोमीटरला बारा रुपये आले, अठ्ठावीस गेले. जाऊन-येऊन चोवीस किलोमीटरांत सहाशे बहात्तर रुपयांचा खड्डा. याचा अर्थ हमरस्त्याची एक फेरी आतल्या गावाच्या दोन फेऱ्या सहज पोसते आणि वर थोडं उरतं.

पण पोसते कुणासाठी? दोन्ही फेऱ्या एकाच खिशातून चालत असतील तर. महामंडळाचा खिसा एक असतो. एक गाडी असलेल्या मालकाचा खिसा त्या एका गाडीएवढाच. ती गाडी बँकेकडे गहाण, मुलीचं लग्न तोंडावर. त्याने ते चोवीस किलोमीटर का चालवावेत? मी त्याच्या जागी असतो तरी गाडी हमरस्त्यावरच ठेवली असती.

इथे थांबलो तर गोष्ट फक्त तोट्याची राहील, आणि तोट्याच्या फेऱ्या बंद करणं शहाणपणाचंच वाटेल. पण या हिशेबात एक चूक लपलेली आहे. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीत सात माणसं दिसतात म्हणून ती तोट्याची म्हणतात. त्या गाडीच्या भरवशावर सकाळी सत्तर माणसं घराबाहेर पडलेली असतात. त्यातली बरीचशी चारच्या किंवा पाचच्या गाडीने परततात. काम लवकर झालं तर लवकर, उशीर झाला तर सातची आहेच. सातची काढून टाका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीतली माणसं कमी होतील. दवाखान्यात नंबर किती वाजता लागेल हे कुणाच्या हातात नाही. मंडीत तोलाई कधी होईल हे शेतकऱ्याला माहीत नसतं. बारावीतल्या मुलीचा जादा तास किती लांबेल ते तिचा बाप सांगू शकत नाही, आणि परतीची गाडी पक्की नसेल तर तो तिला पाठवतच नाही. शेवटच्या फेरीचं उत्पन्न त्या फेरीच्या गल्ल्यात दिसत नाही, ते दिवसभराच्या गल्ल्यांत वाटलेलं असतं. गल्ला फेरीगणिक मोजणारा माणूस सातची गाडी पहिल्यांदा बंद करतो, मग त्याला पाचची तोट्यात गेलेली दिसते, मग सकाळची. एका वर्षात गावाची गाडी जाते, आणि कागदावर प्रत्येक निर्णय बरोबर असतो.

माझी एक मावशी बागलीकडच्या एका खेड्यात राहायची. ती देवासला यायची ती नेहमी मुक्कामाच्या तयारीने. “गाडी मिळाली तर परत जाईन,” असं म्हणतच ती उंबरा ओलांडायची. पिशवीत एक लुगडं जास्तीचं असायचंच. लहानपणी मला वाटे तिला आमच्याकडे राहायला आवडतं. आवडतही असेल. पण ते लुगडं सातच्या गाडीच्या वेळापत्रकाऐवजी होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

२००५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने निगम बंद करायचा निर्णय घेतला. कारणं एका दिवसात जन्मली नव्हती. गाड्या जुन्या झाल्या, नव्यांसाठी पैसा नव्हता. गाड्या कमी होत गेल्या आणि माणसं तेवढीच राहिली. पगार थकू लागले. निगमच्या राखीव मार्गांवर खासगी गाड्या उघड धावत आणि त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं आणि मालमत्ता, देणी, माणसं यांच्या वाटणीचा नवा गुंता वाढला. शिवाय १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्याने परवाने सैल केले होते. अर्ज कधीही करता येतो आणि प्राधिकरणाने तो सहसा नाकारू नये, असं त्यात म्हटलं आहे. कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. रोडवेज रस्त्यावरून गेली.

निगमचा कारभार वाईट होता, हे मी नाकारत नाही. पण तो मोडला तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र फेकल्या गेल्या. एक होती गाड्या चालवणारी दुबळी संस्था. दुसरी होती कोणत्या गावाला किती वाजता गाडी जाईल हे ठरवण्याची आणि त्याला बांधील राहण्याची जबाबदारी. पहिली खासगी मालकांनी भरून काढली, आणि कितीतरी ठिकाणी अधिक चांगली. दुसरी कुणीच उचलली नाही. परवाना देणाऱ्या प्राधिकरणाकडे मालक जो मार्ग मागतो तो येतो. ज्या गावाचा मार्ग कुणी मागितलाच नाही ते गाव त्या टेबलावर कधी पोचतच नाही.

याच काळात रस्ते मात्र येत होते. २००० च्या २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. पाचशेच्या वर वस्तीची गावं, आदिवासी आणि डोंगराळ भागात अडीचशेच्या वरची, बारमाही रस्त्याने जोडायची. धार-देवासच्या आतल्या भागात डांबर पोचलं, काँक्रीट पोचलं. घाटाखालच्या बायकांना बाळंतपणासाठी नेणारी जीप चिखलात रुतायची थांबली, ही काही लहान गोष्ट नाही. पण गाडी निघून गेली आणि तिच्यामागून रस्ता आला, असा हा काळाचा फेर पडला.

रिकाम्या रस्त्यावर जे यायचं ते आलं. मोटरसायकल आली, मॅजिक ही छोटी गाडी आली, तूफान ही जीप आली. दहा-बारा जणांसाठी बांधलेल्या तूफानमध्ये हाटाच्या दिवशी किती माणसं बसतात ते मोजण्यात अर्थ नाही, मागच्या पायरीवर लटकणारी वेगळी. होळीआधी भगोरियाचे हाट भरतात तेव्हा कुक्षी, बाग, गंधवानीकडचे रस्ते या गाड्यांनी फुलून जातात. हाटाचा दिवस असेल तर कुठल्याही वाडीवरून गाडी मिळते, एरवीच्या मंगळवारी ताप आलेल्या पोराला न्यायचं असेल तर मिळत नाही. मजुरीसाठी गुजरातला नेणाऱ्या गाड्या या भागातून नेमाने सुटतात, कारण तिथे आसनं भरतात. जिथे पैसा आहे तिथे वाहतूक आपोआप उभी राहते, त्यासाठी सरकार लागत नाही. लागतं ते उरलेल्यासाठी.

यातली काही वाहनं बनतात कुठे, तर धार जिल्ह्यातच. पीथमपूरला ऐंशीच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. आयशरचे ट्रक १९८६ पासून तिथे बनतात, जवळच तिच्या बसगाड्या बांधल्या जातात, फोर्सचा कारखाना तिथेच आहे. २०२१ मध्ये पीथमपूरच्याच नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीची, अतिवेगाने गाड्या पळवून पाहण्याची धावपट्टी सुरू झाली. ज्या जिल्ह्यात देशासाठी बस बांधली जाते त्या जिल्ह्यातल्या डहीच्या माणसाला संध्याकाळी धारहून घरी जायची खात्री नाही. गाड्यांची टंचाई हा प्रश्न कधीच नव्हता.

आता अहिल्याबाईंचा धागा. महाराष्ट्रात पाचवी ते बारावीच्या मुलींना गावापासून शाळेपर्यंत एसटीचा प्रवास मोफत आहे. त्या योजनेला नाव आहे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचं. इकडे, प्रत्यक्ष अहिल्याबाईंच्या मुलखात, शाळा दुसऱ्या गावात असेल तर सहावी आणि नववीतल्या मुलामुलींना सरकार सायकल देतं. सायकलीने फार मोठं काम केलं. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली घोळक्याने सायकली हाणत जाताना दिसल्या की मी आजही थांबून पाहतो. पण सायकलीची मजल पाच-सात किलोमीटर. कॉलेज तीस किलोमीटरवर, मध्ये घाट, आणि श्रावणातला पाऊस. सायकल मुलीला दहावीपर्यंत नेते. पुढे बस लागते.

महाराष्ट्रातलं सगळं आलबेल आहे असं म्हणायचं नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, कोकणातल्या खेड्यांनी जे सोसलं ते आमच्याकडची खेडी २००५ पासून सोसत होती. शाळा सुटल्या, वडापच्या जीपा भरल्या, म्हातारी माणसं घरी बसली. फरक एवढाच की तिकडे संप मिटायची वाट पाहता येत होती.

हा प्रश्न फक्त गरीब देशाचा नाही. ब्रिटनने १९८६ च्या ऑक्टोबरात लंडन सोडून बाकी देशातल्या बसगाड्या खुल्या केल्या. हवा तो मार्ग कंपनीने चालवावा, नको तो सोडावा. पण त्याच कायद्याने स्थानिक कौन्सिलांना एक अधिकार ठेवला: लोकांना गरजेचा पण कुणी न चालवलेला मार्ग असेल तर निविदा काढून, पैसे देऊन तो चालवून घ्यावा. पैसे आटले तेव्हा अनेक कौन्सिलांनी हात आखडता घेतला आणि खेड्यांच्या गाड्या गेल्या. तरी निदान कुणाला जाब विचारायचा हे ठाऊक होतं. स्वित्झर्लंडने उलटी बाजू धरली. तिथली पिवळी टपालबस १९०६ च्या १ जूनला सुरू झाली, आपल्या एसटीच्या वाढदिवशीच. टपालाच्या पिशव्या आणि माणसं एकाच गाडीने डोंगरातल्या गावांत जाऊ लागली. आज तिथला नियम असा आहे की बारा महिने किमान शंभर माणसं राहत असतील अशा वस्तीला सार्वजनिक वाहतूक मिळाली पाहिजे, आणि तोटा सरकारांनी वाटून घ्यायचा. आपण ग्रामसडकेसाठी पाचशे आणि अडीचशे हे आकडे ठरवले. बससाठी आकडाच ठरवलेला नाही. ज्याला आकडा नाही त्यावर हक्क सांगता येत नाही.

मांडूच्या गाडीतला कंडक्टर तिकीट देत नाही असं वर लिहिलं. ती गोष्ट किरकोळ वाटते, पण नाही. एसटीच्या कंडक्टरच्या खांद्यावर पूर्वी तिकिटांची पेटी असायची, हातात चिमटा. आता यंत्र आलं आहे. तिकिटावर मार्ग असतो, टप्पा असतो, वेळ असते. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. अशा लाखो तिकिटांतून महामंडळाला कळतं की कुठल्या थांब्यावर सकाळी किती माणसं चढतात, कुठे भारमान घटलं, कुठे जादा गाडी हवी. नोटा बेचक्यात धरणाऱ्या कंडक्टरला हे सगळं ठाऊक असतं, पण ते त्याच्यापाशीच राहतं आणि तो काम सोडून गेला की जातं. योजना आखणाऱ्यासाठी तो प्रवास झालेलाच नसतो. १८ जुलै २०२२ रोजी धार आणि खरगोन जिल्ह्यांच्या सीमेवर, खलघाटच्या पुलावरून इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी नर्मदेत कोसळली. १२ जण गेले. ते दुःख या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक मराठी घरापर्यंत आलं. त्या गाडीला एक आगार होतं, एक महामंडळ होतं, वारसांना उभं राहायला एक दार होतं. अपघात महामंडळाच्या गाडीलाही होतात आणि खासगीलाही. पण बिनतिकिटाच्या गाडीत आपण कुणाच्या जबाबदारीवर बसलो आहोत हे प्रवाशाला माहीत नसतं.

मध्य प्रदेशात आता पुन्हा हालचाल आहे. २०२२ मध्ये विदिशा जिल्ह्यात ग्रामीण परिवहन सेवेचा प्रयोग झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली आणि तिच्या वरच्या कंपनीसाठी १०१ कोटी २० लाख रुपयांचं भांडवल ठेवलं. गाड्या खासगी मालकांच्याच राहतील. मार्ग, वेळा, तिकीट आणि देखरेख सरकारी कंपनी पाहील. जुनं निगम उठवून उभं करायचा हा बेत नाही, आणि तो नसावाच असं माझं मत आहे. गाडी कुणाची हा मुद्दा गौण आहे. मघाशी ज्या दोन गोष्टी सांगितल्या त्यातली दुसरी, वेळेला बांधील राहण्याची जबाबदारी, परत सरकारकडे येते आहे, हे महत्त्वाचं.

एक काळजी मात्र वाटते. प्रादेशिक कंपन्या विभागवार आहेत, आणि धार इंदूर विभागात येतं, देवास उज्जैन विभागात. बागली, उदयनगर, कन्नौद, खातेगावची माणसं कामाला, दवाखान्याला, कॉलेजला इंदूरकडे जातात. ती एका कंपनीच्या हद्दीतून निघून दुसरीच्या हद्दीत उतरणार. ज्या फेरीचा नफा एका कंपनीला आणि तोटा दुसरीला, ती फेरी दोघींनाही नकोशी होते. हा हिशेब आधीच बसवला नाही तर घाटाखालच्या गावांच्या वाट्याला पुन्हा हद्दीवरचं पोरकेपण येईल.

गेल्या पावसाळ्यात मी चापड्याच्या चौफुलीवर उभा होतो. देवासकडून येणारा रस्ता इथे इंदूर-बैतूल रस्त्याला मिळतो. साडेसहा वाजून गेलेले, आभाळ भरून आलेलं. चहाच्या टपरीखाली आठ-दहा माणसं होती. एक नवरा-बायको, बाईच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, भिजू नये म्हणून पदराखाली धरलेलं. कॉलेजच्या दोन मुली. एक म्हातारे शेतकरी, त्यांच्या पायाशी फवारणीचा पंप. मी विचारलं, “बागलीची गाडी आहे का अजून?” टपरीवाला म्हणाला, “आली तर सातपर्यंत येईल. नाही आली तर मॅजिक भरेल. मॅजिक नाही भरली तर भाचा मोटरसायकलवर सोडेल दोघांना.” दोघांना म्हणजे त्या मुलींना, हे त्याने न सांगता सगळ्यांना कळलं. एक्स-रेवाल्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. कुणी चिडलेलं नव्हतं. फोन काढून कुणी कुणाला दोष देत नव्हतं. सगळे हमरस्त्यावरच्या दिव्यांकडे पाहत होते, आणि प्रत्येक मोठा दिवा जवळ आला की मुली दप्तरं उचलत आणि ट्रक निघून गेला की पुन्हा खाली ठेवत.

सात वाजून दहा मिनिटांनी गाडी आली. मालक बागलीचाच, आणि त्याला स्वतःलाच घरी जायचं होतं.

नव्या कंपनीचं वेळापत्रक जेव्हा देवासच्या स्थानकावर लागेल तेव्हा मी सकाळच्या रकान्याकडे पाहणार नाही. सकाळी गाड्या असतातच. मी बोट खालच्या ओळीवर नेऊन चापडा, बागली, पुंजापुरा, उदयनगर अशी गावं वाचत जाईन, आणि उदयनगरपुढे किती वाजले लिहिले आहेत ते पाहीन.